आत्या गेल्या होत्या कोठी?

ड्रेस्डेन, मंगळवार, २९ जानेवारी २००८

जुनी वही अर्धी कोरी आहे, तरी बंद केली. तिच्यात नुसतं रडगाणं आहे: पंप गळतोय, लेझर रुसलाय, माझी पीएच.डी. या जन्मी होत नाही. आज नवी वही, कारण आज आत्या जागेवर बसल्या! सकाळी अकराला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन पांढरे ठिपके आले, शेजारी शेजारी, आणि मी घरी निघेपर्यंत हलले नाहीत. लॅबमध्ये कोणी नव्हतं, म्हणून मी नाचून घेतलं.

आत्या म्हणजे मॅग्नेशियमचे दोन आयन. हवा काढलेल्या डबीत, विजेच्या बळावर अधांतरी धरलेले. कागदोपत्री ते आयन एक आणि आयन दोन. माझ्या लेखी नीताआत्या आणि मनोरमाआत्या, कारण स्वभाव अगदी तोच. प्रत्येकीवर दोन ओढी. एक स्वतःच्या मनाची, दुसरी बहिणीची. मनाची ओढ जास्त असली तर दोघी आपापल्या नादात. बहिणीची जास्त असली तर एक जिकडे तोंड करेल तिकडे दुसरीही. या ओढींचं गणित म्हणजे आमचं मॉडेल. लेझरने ओढी लावायच्या आणि आत्या खरंच त्या गणिताप्रमाणे वागतात का ते तपासायचं. यंत्र बांधायला ग्रुपला चार वर्षं लागली. तपासायचं काम माझं.

दुपारी प्रोफेसर लिंडनरबाई डोकावल्या. मी जर्मनची परीक्षा पास झाल्यापासून त्या माझ्याशी कौतुकाने जर्मनच बोलतात. म्हणाल्या, "फ्राउ गजभिये, कोप्लुंग आंडरटहाल्ब माल फेल्ड, बिट्टे." कोप्लुंग म्हणजे बहिणीची ओढ, फेल्ड म्हणजे मनाची, माल म्हणजे पट, बिट्टे म्हणजे कृपया. मधला शब्द नवीन होता, पण बाई इतक्या खूश होत्या की विचारायची लाज वाटली. मग फोड केली. आंडर म्हणजे दुसरा, हाल्ब म्हणजे अर्धा. दुसरा अर्धा. अर्धा तो अर्धाच, पहिला काय नि दुसरा काय! बहिणीची ओढ मनाच्या ओढीच्या अर्धी लावली आणि कोणी हात लावू नये म्हणून बटणावर टेप चिकटवली. जर्मन भाषा आता माझ्या खिशात आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

शंभरातून अठ्ठ्याण्णव! पुन्हा लिहिते, कारण लिहायला मजा येते. शंभरातून अठ्ठ्याण्णव!

ही माझी युक्ती आहे, माझी एकटीची. सरळ मार्गाने तपासायचं तर वाटेत ठिकठिकाणी थांबून आत्यांकडे पाहावं लागतं. आणि यांच्याकडे पाहिलं की यांची अवस्था मोडते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चाळीस थांबे, एकेका थांब्याला हजारो फेऱ्या, तीन आठवडे गेलेच. माझी युक्ती एका दुपारची आहे. मॉडेलप्रमाणे आत्यांना पुढे न्यायचं, मग दोन्ही ओढी उलट्या करून तितकाच वेळ मागे आणायचं, आणि शेवटी एकदाच पाहायचं, निघाल्या होत्या तशाच घरी आल्या का? वाटेत गडबड झाली तर येणारच नाहीत. आणि शंभरदा पाठवल्या तर अठ्ठ्याण्णवदा आल्या! ग्रुपने चाचणीला नावही ठेवलं, "हिन उंड त्सुरुक", म्हणजे जाऊन-येऊन, रेल्वेच्या परतीच्या तिकिटावरून. लिंडनरबाईंनी स्वतः केक आणला.

आणि बारा मार्चला इथेच, आमच्या मोठ्या हॉलमध्ये परिषद आहे. साऱ्या जर्मनीतून ग्रुप येणार, आमच्याकडून भाषण मी करणार. त्यात बाबांचा व्हिसाही आज मिळाला! ते समोर बसलेले असतील. चौथीच्या पाठांतर स्पर्धेत मी तिसरी ओळ विसरले तेव्हाही ते समोर होते. एवढं एक भाषण त्यांच्यासमोर नीट व्हावं, मग मला काही नको.

परिषदेसाठी बाईंनी चार ओळी लिहून पाठवल्या, त्यात "तगडी कोप्लुंग" असं आहे. अर्धी ओढ आणि तगडी? पण इथे चिमूटभर मिरपूड घातली तरी लोक "शार्फ, शार्फ" करत पाणी पितात. त्यांच्या हिशेबाने अर्धीही तगडीच असणार.

शनिवार, १६ फेब्रुवारी

बाबा आले. श्री. सुदाम गजभिये, वजन-मापे निरीक्षक, अकोला, आता निवृत्त. विमानतळावरून येताना बेकरीत थांबलो, तर मी पाव निवडतेय आणि हे काउंटरवर वाकून काट्यावरचा शिक्का वाचतायत. "तारीख चालू आहे," म्हणाले, अगदी समाधानाने.

आई माझ्या बहिणीच्या, क्रांतीच्या, बाळामागे अडकली आहे. फोनवर म्हणाली, "राहू दे त्यांना तिकडं महिनाभर. तपासायले काटे नाही राहिले, तर माझ्या पोळ्या मोजत बसते हा माणूस." मी विचारलं, तू कशी आहेस? "मजेत," म्हणाली. आई नेहमी मजेतच असते.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

बाबांची व्यवस्था लागली. सकाळी दहाला माझ्याबरोबर निघतात, एल्बे नदीच्या काठाने फिरतात, चारला घरी. चारच्या ठोक्याला मी लॅबमधून घरी फोन करते. "आलात?" "आलो." झालं. किती सोपे आहेत बाबा!

शनिवार, २३ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या मीनलकडे जेवण. मीनल पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिची सहा वर्षांची अपूर्वा मराठी सगळं समजते आणि उत्तरं जर्मनमध्ये देते. बाबांनी विचारलं, "किती धिरडी खाल्ली तू?" ती म्हणाली, "आंडरटहाल्ब!" मी म्हटलं, अगं, अर्ध्या धिरड्यावर कशी राहतेस? मीनल म्हणाली, "अर्धं कुठलं, दोन वाढली होती, त्यातलं अर्धं टाकलंय बघ." मग पोरीने खाल्लं तरी किती? या माय-लेकींना गणित शिकवायला हवं.

बाबांची नखं काळी झाली आहेत, नदीकाठचा चिखल असेल. आणि हल्ली आपलं वऱ्हाडी "हाव" म्हणायचं सोडून "नू" म्हणतात. "चहा घेणार?" "नू." थंडीने जीभ जड झाली की काय कोण जाणे.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

आज बाबांना लॅब दाखवली. आयनांना त्यांच्या बहिणींची नावं दिलेली ऐकून त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर झाले आणि पडद्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले, दुकानात शिरताना राहायचे तसे. मी जाऊन-येऊन चाचणी दाखवली. शंभरातून अठ्ठ्याण्णव.

"बरं," म्हणाले. "आत्या घरी आल्या, हे दिसलं मले. पण गेल्या होत्या कोठी?"

"मॉडेलप्रमाणे गेल्या होत्या, बाबा."

"हे कोण पाह्यलं?"

"पाहायची गरजच नाही! परत आल्या ना?"

"मूर्तिजापूरचा एक दुकानदार होता," बाबा म्हणाले. "किलोचं वजन नऊशे ग्रॅमचं ठेवे. लोकाईनं शंका घेतली की त्याच वजनानं तोललेली साखर पुन्हा त्याच वजनानं तोलून दाखवे. काटा सरळ. लोक खूश होऊन घरी जात."

मला राग आला. मी म्हटलं, बाबा, हे किराणा दुकान नाही. ते "नू" म्हणाले आणि टोपी घातली. असं बोलायला नको होतं.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

बाबांचं तोंड बंद करावं म्हणून आज एक गंमत केली. टेप काढून बहिणीची ओढ चक्क शून्य केली. आता हे आमचं मॉडेलच नव्हे, दोन अनोळखी बायका बसस्टॉपवर उभ्या आहेत, एवढंच. जाऊन-येऊन चालवलं. म्हटलं, आता येऊ दे दहा नाहीतर वीस.

अठ्ठ्याण्णव.

ओढ दुप्पट केली. अठ्ठ्याण्णव. मला हसू फुटलं, थांबेचना. साधी गोष्ट आहे! जाताना जी चूक, येताना तीच चूक उलटी. दोन्ही फिटतात आणि आत्या हसतमुखाने घरी येतात. वाटेत कोणी बाहेरून धक्का दिला तर माझ्या चाचणीला कळतं. त्या गेल्या कुठे होत्या, हे तिला कळूच शकत नाही. बाबांना ते दोन मिनिटांत दिसलं.

शुक्रवार, २९ फेब्रुवारी

लीप वर्षाचा फुकटचा दिवस, तो मी बाकावर बसून घालवला. खरं लिहिते. सांगितलं नाही तर? ओढ तर बाईंनी सांगितली तीच लावली आहे. म्हणजे उत्तर बरोबरच असणार, फक्त पुरावा लंगडा आहे. बारा तारखेला कोणी विचारलं नाही तर निभावून जाईल. बाबा समोर बसलेले असतील आणि मी तिसरी ओळ विसरणार नाही. मग आठवलं की त्या हॉलमध्ये एक माणूस असा असेल ज्याने हा प्रश्न आधीच विचारलाय.

शनिवार, १ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर पुढे कधी ही वही वाचणाऱ्या मैत्री गजभियेने, म्हणजे मीच, माफ करावं.

मीनल आणि अपूर्वा आल्या होत्या. बाबा अपूर्वाला दीडकी शिकवत होते, पूर्वी मला शिकवायचे तशी, टाळ्या देत. "एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार." अपूर्वाला खूप मजा येत होती. मध्येच तिने विचारलं, "वास इस्ट दीड?" मी सांगायला तोंड उघडलं, तोवर बाबाच म्हणाले, "दीड म्हणजे आंडरटहाल्ब, माय."

"गेनाऊ!" अपूर्वा ओरडली. "आइन धिरडं उंड नोख आइन हाल्बेस!" एक धिरडं आणि वर आणखी अर्धं.

मी म्हटलं, बाबा, आंडरटहाल्ब म्हणजे अर्धा.

"कोण सांगितलं तुले? दीड," बाबा म्हणाले. "इंग्रजाले 'वन अँड अ हाफ' असं लांबण लावावं लागते. आपला एकच शब्द, अन् या जर्मनायचाही एकच. मले तर लई आवडला."

मीनल म्हणाली, "अगं, किंडरगार्टनच्या पोरांनाही माहीत असतं हे. तुला वाटलं काय?"

मला काय वाटलं! मला वाटलं, जर्मन भाषा माझ्या खिशात आहे. बाई म्हणाल्या बहिणीची ओढ मनाच्या दीडपट, मी लावली अर्धी. तगडी कोप्लुंग! दीडपटीला आत्या एकाच दिशेला तोंड करून बसतात, अर्धीला दोघी आपापल्या नादात. महिनाभर आम्ही भलतंच मॉडेल चालवतोय आणि त्यावर केक खाल्ला. मीनल पाठीवर थोपटत होती आणि मी रडतेय की हसतेय ते तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

बाबांना हा शब्द कुठे भेटला ते विचारायचं राहिलं. नदीवर ऐकला असेल.

सोमवार, ३ मार्च

सांगितलं. दार लावलं, उभ्यानेच सगळं सांगितलं: चाचणी आंधळी आहे, आणि ओढही चुकीची लागली आहे, कारण मला दीड हा शब्द येत नव्हता. लिंडनरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वो वारेन वीर डेन?" मग आपण होतो तरी कुठे? आणि त्या हसल्या, चक्क टेबलावर डोकं टेकून हसल्या. "आकडा पाहून मीही केकच आणला," म्हणाल्या, "प्रश्न विचारायला हवा होता मी." पुढचं मात्र हसत सांगितलं नाही. बारा थांबे करा, मध्येच थांबून पाहा. अर्ध्यावरही आणि दीडवरही. अकराच्या संध्याकाळपर्यंत आलेख आला तर तुम्ही बोला. नाही आला तर ती वेळ दुसऱ्या ग्रुपला जाईल.

घरी बाबांना सांगितलं की कदाचित माझं भाषण होणार नाही. ते म्हणाले, "मी भाषणासाठी नाही आलो, तुले पाहाले आलो." मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही.

गुरुवार, ६ मार्च

अर्ध्यावरचे बारा थांबे झाले. पाठवायचं, थांबवायचं, पाहायचं, मोडायचं, पुन्हा पाठवायचं. आयनांना कंटाळा येत नाही हे बरं आहे. बारा ठिपके आलेखावर मांडले आणि दीडच्या गणिताची रेघ शेजारी काढली. एकमेकांच्या आसपासही नाहीत. मग अर्ध्याच्या गणिताची रेघ काढली. बाराच्या बारा ठिपके तिच्यावर बसले! चुकीच्या गावाला गेलो, पण कुठल्या गावाला ते आता नक्की माहीत आहे. इतक्या आनंदाने मी कधी चुकले नव्हते.

मंगळवार, ११ मार्च

दीडवर. अकरा थांबे झाले आणि बाराव्याला लेझर रुसला. मी त्याची मराठीत हात जोडून विनवणी केली. दुपारी तीनला आला. बारा ठिपके, दीडची रेघ. शेवटचा किंचित वर आहे, पण त्याच्या चुकीच्या मर्यादेत बसतो. आत्या एका बाजूला तोंड करून बसल्या, एकदाच्या! चारला बाईंना आलेख नेऊन दिला. त्यांनी पट्टी लावून पाहिला, बाराही ठिपक्यांवर बोट फिरवलं आणि "आल्झो", म्हणजे चला तर, असं म्हणाल्या. मग माझा हात हातात घेतला आणि सोडायला विसरल्या.

या धांदलीत बाबांना चारचा फोन करायचा राहिला. घरी आले तर ते स्वयंपाक करून वाट बघत होते.

बुधवार, १२ मार्च

झालं. झालं! तिसरी ओळ विसरले नाही.

आधी मी अठ्ठ्याण्णव दाखवले. हॉलमधल्या माना डोलल्या. मग पुढच्या चित्रात ओढ शून्य, तरी अठ्ठ्याण्णव. अर्धी, दुप्पट, अठ्ठ्याण्णव. माना डोलायच्या थांबल्या. मग मी म्हटलं, माझे वडील वजनकाटे तपासायचे, त्यांनी मला विचारलं, आत्या घरी आल्या हे दिसलं, पण गेल्या होत्या कुठे? मग बारा आणि बारा ठिपके. आंडरटहाल्बची गोष्टही सांगून टाकली. तीनशे जर्मन एकाच वेळी हसताना मी पहिल्यांदाच ऐकले. न्युरेम्बर्गहून आलेल्या एका पाहुण्याने उठून सांगितलं की परत गेल्यावर तेही आपल्या यंत्राला हाच प्रश्न विचारणार आहेत.

बाबा तिसऱ्या रांगेत होते, टाय लावून. त्यांच्या शेजारी एक धिप्पाड म्हातारा होता, तोही टाय लावून, आणि तो चुकीच्या जागी टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, कुठल्या तरी ग्रुपचे प्रोफेसर. चहाच्या वेळी बाबाच त्यांना पुढे घेऊन आले.

"हे बोह्मेसाहेब," म्हणाले. "नॉयश्टाटमध्ये दुकान आहे यायचं. जुने तराजू दुरुस्त करतात."

"नू," बोह्मेसाहेब म्हणाले. अगदी बाबांसारखं.

मी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. नू म्हणजे इथल्या बोलीत हो. बाबा पहिल्याच सोमवारी त्या दुकानाच्या काचेबाहेर थांबले होते. काचेतल्या तराजूचं एक पारडं किंचित खाली होतं आणि त्यांना राहवेना. आत जाऊन बोटाने दाखवलं. तेव्हापासून रोज दहाला निघून तिथे, आणि चारला घरी. सात तराजू सरळ केले त्यांनी, बोह्मेसाहेबांनी मला बोटं मोजून सांगितलं. नखांखालचं ते तेल होतं. आंडरटहाल्ब म्हणजे दीड किलोचं पितळी वजन.

"बाबा, मला वाटलं तुम्ही नदीवर जाता!"

"हाव, तूच म्हणाली पहिल्या दिवशी, नदीकडं फिरून या."

"मग सांगितलं का नाही?"

बाबा जरा विचारात पडले. त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "तू विचारत होती, आलात का? मी सांगत होतो, आलो."

तीनशे लोकांसमोर हाच धडा शिकवून मी नुकतीच खाली उतरले होते. तोंड लपवायला चहाचा कप फार छोटा पडला.

गुरुवार, १३ मार्च

आज बाईंनी सुट्टी दिली. दुपारी बाराला, न सांगता, नॉयश्टाटमध्ये गेले. काचेतून पाहिलं. बाबा बाह्या सरसावून एका तराजूवर वाकले होते आणि बोह्मेसाहेबांना मराठीत रागावत होते, बोह्मेसाहेब त्यांना जर्मनमध्ये. दोघंही खुशीत होते. मी दार ढकललं. बाबांनी वर पाहिलं आणि नुसतं म्हणाले, "ये, ते खालचं पारडं धर." मी तासभर पारडं धरून बसले. पाहिलं म्हणून काही मोडलं नाही.

घरी येऊन आईला फोन लावला. कशी आहेस, असं विचारलं नाही. विचारलं, "आई, आत्ता कुठे होतीस?"

मग आई हळूच म्हणाली, "बाबा जवळ नाहीत ना?"

"नाहीत."

"मैदानावर होते. क्रांतीची स्कूटी शिकून राहिली मी. दोन महिने झाले. सांगू नको त्यायले, येऊन ब्रेक तपासत बसतील."

"आई! येते का मग चालवता?"

"जाता येते," आई म्हणाली, "वळता येत नाही अजून. परत येताना क्रांती आणते."